आर्निस, एस्क्रिमा, काली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिनो काठीच्या सरावाबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. आर्निस, एस्क्रिमा आणि काली हे तीन वेगळे प्रकार आहेत का? आधी कुठला शिकू?

एकाच कुळाची ही तीन नावं. लुझोन बेटावर आणि सरकारी कागदावर आर्निस म्हणतात, सेबू-नेग्रोसकडे म्हणजे विसाया बेटांवर एस्क्रिमा. काली हे नाव मुख्यतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या फिलिपिनो शिक्षकांमुळे जगभर गेलं. नावावरून वर्ग निवडू नका. सेबूतल्याच दोन एस्क्रिमा शाळांमध्ये जेवढा फरक सापडतो, तेवढा या तीन नावांत नाही (प्र. 12).

फिलिपिन्सने 11 डिसेंबर 2009 रोजी रिपब्लिक ॲक्ट 9850 करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. तिथल्या शालेय क्रीडास्पर्धांत, म्हणजे पालारोंग पाम्बान्सात, सगळ्यांत आधी आर्निस खेळवायचं, अशीही तरतूद त्या कायद्यात आहे.

2. 'काली' म्हणजे आपली कालीमाताच ना? ही कला भारतातूनच गेली असं वाचलं.

नाही. देवीशी या नावाचा संबंध दाखवणारा कुठलाही पुरावा नाही. शिक्षकाला तिथे 'गुरो' म्हणतात आणि तो शब्द मात्र संस्कृतातून तिकडे पोहोचलेला आहे, पण तो साध्या शाळामास्तरांनाही लावतात. त्यावरून काठीची कला इथून गेली असं म्हणता येत नाही.

3. लापुलापूने मॅगेलनला याच कलेने मारलं का?

लापुलापू हा मॅक्टन बेटाचा सरदार, मॅगेलन हा तिथे आलेल्या स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख. त्यांची मॅक्टनची लढाई 27 एप्रिल 1521 ची. मॅगेलनच्या मोहिमेतल्या, तिथे हजर असलेल्या पिगाफेट्टाने ती लिहून ठेवली आहे. त्यात बाण आहेत, बांबूचे भाले आहेत, टोकं जाळून कडक केलेले सोटे आहेत, दगड आहेत आणि मॅगेलनच्या पायावर बसलेला मोठ्या पात्याचा वार आहे. आज वर्गात शिकवतात त्या पद्धतीचं वर्णन त्यात कुठेच नाही. शिवाय मॅगेलनची माणसं मांडीभर पाण्यातून आली होती आणि समोरची संख्या कितीतरी पट होती, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

आजच्या शाळांचा कागदोपत्री इतिहास विसाव्या शतकातला आहे. सेबूत 1920 मध्ये लाबांगोन फेन्सिंग क्लब निघाला. तो बंद पडल्यावर सावेद्रा आणि कान्येते घराण्यांच्या पुढाकाराने 1932 मध्ये दोसे पारेस उभा राहिला. त्याआधीही ही विद्या होतीच, पण ती घराघरांत होती आणि कोणी लिहून ठेवत नव्हतं. एखादा वर्ग 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' अशी जाहिरात करत असेल तर तिकडे दुर्लक्ष करा आणि सराव कसा चालतो ते बघा.

4. कराटेत काही वर्षं झाल्यावर शस्त्र देतात. इथे पहिल्याच दिवशी हातात काठी कशी?

इथे क्रम उलटा आहे. आधी काठी, मग काठी आणि सुरी, मग नुसती सुरी, शेवटी मोकळे हात. काही शाळांत थोडं मागेपुढे. त्यामागचा हिशेब असा की वार हातातल्या वस्तूवरून ओळखायचा नाही, तो कुठल्या रेषेतून येतोय त्यावरून ओळखायचा. उजव्या खांद्यावरून तिरका खाली येणारा हात काठीचा असो, कोयत्याचा असो की नुसत्या बुक्कीचा, बाजूला सरायची दिशा तीच राहते. काठी वेगाने येते आणि चूक झाली की लगेच कळवते, म्हणून सुरुवात तिथून.

दुसरं कारण जास्त रोकडं आहे. फिलिपिन्सच्या खेड्यांत बोलो, म्हणजे तिथला कोयता, हे रोजचं अवजार. ज्या भांडणाला तयार व्हायचं त्यात समोरच्याच्या हातात तो असण्याची शक्यता मोठी होती.

5. काठी कुठली घ्यावी? बांबूची चालेल का?

बांबू नको. तो पोकळ असतो, उभा चिरतो आणि चिरला की धारदार कपचा निघतात. त्या डोळ्यात जाऊ शकतात. क्रिकेटचा स्टंप, झाडूचा दांडा, सागवानी दांडकं हे सगळंही नको.

सरावाची काठी वेताची असते. वेत आतून भरीव आणि तंतूंचा बनलेला. काठीवर काठी आपटत राहिली की तो फुटत नाही, पिंजत जातो. पिंजायला लागला की इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळायची आणि पुढे वापरायचा. काठी जायला आली की जोडीदाराला आवाजावरूनच कळतं, कारण 'टक्'च्या जागी 'थप्' यायला लागतं.

सर्वसाधारण लांबी 28 इंच (सुमारे 71 सें.मी.), जाडी एक इंचाच्या आसपास. सेरादासारख्या जवळून लढणाऱ्या शाळा त्याहून आखूड काठी वापरतात. ऑनलाइन आयात केलेल्या जोडीला भरमसाट पैसे मोजायची गरज नाही. केनचं फर्निचर बनवणाऱ्या कारागिराकडे जाड वेत मिळतो. सरळ, गाठी लांब-लांब असलेला तुकडा निवडा आणि टोकं गोल घासून घ्या. दोन काठ्या जवळपास सारख्या वजनाच्या हव्यात. एक हलकी, एक जड असली की सिनावालीत, म्हणजे दोन काठ्यांच्या ठरीव सरावात (प्र. 9), ठेका बिघडतो.

कामागोंग आणि बाही या काळ्या-तपकिरी जड काठ्या दिसायला देखण्या असतात. त्या एकट्याने फिरवायला. एकमेकींवर आपटल्या तर तडकतात आणि हाडावर बसल्या तर हाड तडकतं. कामागोंगचं झाड फिलिपिन्समध्ये संरक्षित आहे, त्यामुळे तिथून कोणी आणून देतो म्हणालं तर आधी कागदपत्रांची चौकशी करा.

6. काठी नेमकी धरायची कशी? पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं.

खालच्या टोकाला साधारण एक मूठ जागा सोडून धरायची. त्या उरलेल्या टोकाला पुन्यो म्हणतात. अगदी जवळ आल्यावर मारायला, समोरचं मनगट अडकवायला आणि काठी सोडवून घ्यायला ते उपयोगी पडतं. अंगठा काठीच्या पाठीवर ताणून ठेवू नका. तो बोटांवर वळलेला हवा, नाहीतर पहिल्या जोरदार टकरीत मुरगळतो.

मनगट भरून येतं याचा अर्थ मूठ सतत आवळलेली राहतेय. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं पकड धरून ठेवतात, तर्जनी सैल असते. वार बसायच्या क्षणी मूठ घट्ट, लगेच पुन्हा सैल. हे जमेपर्यंत वेग वाढवू नका. कोपराच्या बाहेरच्या बाजूला टोचणारी कळ सुरू झाली तर प्र. 18 वाचा.

7. ते बारा कोन पाठच करावे लागतात का? दोन व्हिडिओंत दोन वेगळे क्रम आहेत.

क्रम वेगळे असणारच. प्रत्येक शाळेने आपापले आकडे लावले आहेत; कुठे पाच, कुठे बारा, कुठे त्याहून जास्त. मॉडर्न आर्निस या शाळेत पहिला वार समोरच्याच्या डाव्या कानशिलावर, दुसरा उजव्या. तिसरा-चौथा दोन बाजूंना खांदा-दंडाच्या उंचीवर. पाचवा पोटात भोसकणारा, सहावा-सातवा छातीच्या दोन बाजूंना भोसकणारे. आठवा-नववा गुडघ्यांवर, दहावा-अकरावा डोळ्यांकडे, बारावा थेट टाळूवर.

आकडे पाठ करायचे ते फक्त बोलायची सोय म्हणून. शिक्षक 'सात' म्हणाले की दोघांनाही एकच गोष्ट कळावी, इतकंच. मुळात रेषा मोजक्याच आहेत: दोन तिरक्या खाली येणाऱ्या, दोन तिरक्या वर जाणाऱ्या, दोन आडव्या, उभी आणि सरळ भोसक. शाळा बदललीत तर आकडे विसरा, रेषा ठेवा.

8. वर्गात सगळे वार अडवता येतात, पण स्पारिंगमध्ये, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, एकही अडवला जात नाही. माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक तुमची नसते, तुम्हाला वार देणाऱ्याची असते. सरावात जो वार देतो त्याच्या कामाला फीड म्हणतात, आणि माझ्या मते या कलेतलं निम्मं शिकणं फीड देण्यातच आहे.

कुठल्याही नवीन जोडीकडे बघा. देणारा पहिल्या कोनाचा वार करतो, पण काठी कानशिलाकडे जातच नाही. ती समोरच्याची काठी जिथे येणार आहे तिथे, डोक्यापासून हातभर बाहेर, हवेत जाते. घेणारा काठी वर करतो, 'टक्' असा छान आवाज येतो, दोघंही खूश. घेणाऱ्याने काहीच केलं नसतं तरी त्याला लागलं नसतं. तो अडवायला शिकलाच नाही, त्याने आवाज काढायचा सराव केला.

तपासायची रीत सोपी आहे. जोडीदाराला हात खाली सोडून स्वस्थ उभं राहू द्या. त्याने अडवायचं नाही. तुम्ही हळूहळू बाराही वार करा आणि प्रत्येक वार अंगापासून चार बोटं अलीकडे थांबवा. काठी थांबल्यावर एक पाऊल पुढे टाकलं तर ती खरंच लागेल का? टोक कानशिलाकडे आहे की खांद्यावरून पलीकडे चाललंय? देणाऱ्याचं अंतर, रेषा आणि तोल या तीन गोष्टी बघायच्या. पुढे वेग वाढतो, चार बोटांचं अंतर कमी होतं, मग हेल्मेट चढवून ते शून्यावर आणता येतं.

या खोडीमागे थोडा इतिहास आहे. जुन्या पद्धतीत समोरच्याच्या काठीवर मारतच नसत. थेट हातावर मारत, कारण हात फुटला की शस्त्र गळतं. शिकणाऱ्यांची बोटं सुजायची आणि ते घरी बसायचे. नेग्रोसच्या रेमी प्रेसास (1936–2001) यांनी मॉडर्न आर्निस बांधताना काठीवर काठी मारण्याचा सराव पुढे आणला, त्यामुळे माणसं टिकली. त्यांचा तोडगा योग्यच होता. पण काठी हे हाताचं तात्पुरतं बदली लक्ष्य आहे, ही आठवण वर्गावर्गांतून पुसली गेली.

9. सिनावाली दिसायला भारी वाटते, पण मारामारीत दोन काठ्या कोण घेऊन फिरतो? उपयोग काय?

दुहेरी सिनावालीचा एक फेरा बघा. उजवी काठी खांद्यावर, डावी उजव्या काखेत. एक: उजवी वरून तिरकी खाली. दोन: डावी काखेतून निघून उलट्या हाताने खालच्या रेषेत आणि तशीच डाव्या खांद्यावर. तीन: उजवी उलट्या हाताने वरच्या रेषेत आणि परत येताना थेट डाव्या काखेत. आता सगळं आरशासारखं उलटं झालं, डाव्याने सुरू करा. नवीन माणूस हमखास अडकतो तो तिसऱ्यानंतर: उजवी काठी काखेत जायची विसरते आणि दोन्ही काठ्या एकाच खांद्यावर येऊन बसतात.

उपयोग दोन. दुर्बळ हाताला सबळ हाताच्या बरोबरीने कामाला लावणं, आणि एक हात मारत असताना दुसरा कुठे आहे याचं भान. नंतर डाव्या हातातली काठी काढून घेतली तरी तो हात तेच काम करतो (प्र. 11).

पण पाढे पाठ झाले म्हणजे गणित सुटत नाही. सिनावाली ठरलेल्या ठेक्यावर चालते आणि लढाईत समोरचा तो ठेका मोडायलाच बसलेला असतो. ठेका हातात बसला की जोडीदाराला मधेच, न सांगता, एखादा वार चुकवायला सांगा, हूल द्यायला सांगा, पाऊल मागे घ्यायला सांगा. काही वर्गांत वर्षानुवर्षं फक्त वेग वाढवत नेतात. बघायला ते मस्त वाटतं, पण ते कवायतीच्या पुढे जात नाही.

10. माझ्या गावात वर्ग नाही, जोडीदारही नाही. एकट्याने किती जमेल?

वार, पावलं आणि पकड इतकं नक्की जमेल. जमिनीवर खडूने त्रिकोण काढा. एका त्रिकोणाचं टोक तुमच्याकडे, त्याच्या दोन बाजूंवरून तिरकं पुढे जायचं. दुसऱ्याचं टोक पुढे, त्यावरून तिरकं मागे यायचं. वाराच्या सरळ रेषेतून बाहेर पडणं हा या पावलांचा हेतू. जुना टायर दोरीने टांगला की मारायला उत्तम. हवेत मारून जोर कधीच कळत नाही.

अंतर आणि वेळ साधणं एकट्याने येत नाही. घरातल्या कुणाला तरी फोम गुंडाळलेली नळी देऊन फीड द्यायला शिकवा. प्र. 8 मधली तपासणी त्यांनाही जमते, त्याला युद्धकला यावी लागत नाही.

11. मोकळा डावा हात छातीपाशी का ठेवतात? तो काही करताना दिसत नाही.

नीट वापरला तर तोच सगळ्यांत जास्त काम करतो. लांब अंतर (लार्गो) म्हणजे तुमची काठी समोरच्याच्या हातापर्यंत पोहोचते, अंगापर्यंत नाही. तिथे डावा हात फक्त आवरून ठेवायचा, पुढे लोंबू द्यायचा नाही. मधलं अंतर (मेदियो) म्हणजे काठी डोक्यापर्यंत पोहोचते आणि तुमचा डावा हात त्याच्या शस्त्राच्या हातापर्यंत. आता तो दाबतो, सरकवतो, खाली लोटतो, क्षणभर अडकवतो. जवळच्या अंतरात (कोर्तो) डावा हात त्याच्या अंगापर्यंत जातो: कोपर ढकलणं, मानेवर हात, तोल घालवणं.

हा हात शिकण्यासाठी हुबुद नावाचा फिरता सराव आहे. त्याचा वार थोपवा, त्याच हाताखालून दुसऱ्या हाताने बाजूला न्या, तिसऱ्या स्पर्शात दाबा आणि स्वतःचा वार द्या. आता हेच त्याने करायचं. इथेही देणाऱ्याने हात खरा पुढे रेटला नाही तर दोघं टाळ्या वाजवत बसतात.

12. दोसे पारेस, बालिंतावाक, मॉडर्न आर्निस, पेकिती-तिर्सिया: कुठली शाळा चांगली?

तुमच्यापासून जी अर्ध्या तासावर आहे ती. हे टाळाटाळीचं उत्तर नाही. आठवड्यातून दोनदा जोडीदार मिळणं हे शाळेच्या नावापेक्षा कितीतरी मोठं आहे. तरी प्रत्येकीचा स्वभाव सांगते.

दोसे पारेस सेबूची, लांब अंतरापासून कुस्तीच्या पकडीपर्यंत सगळं घेणारी. सिरियाको 'काकोय' कान्येते (1919–2016) हे तिचं सर्वांत गाजलेलं नाव. बालिंतावाकही सेबूचीच. वेनान्सियो 'आनसिओंग' बेकन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दोसे पारेसमधून बाहेर पडले आणि बालिंतावाक रस्त्यावरच्या एका घड्याळजीच्या दुकानामागे शिकवू लागले. नाव त्या रस्त्याचं. एकच काठी, अंगाला अंग लागेल इतकं जवळ, आणि शिक्षक स्वतः सतत, न सांगता, वेगवेगळे वार देत राहतो. फीडला इतकं महत्त्व देणारी दुसरी शाळा मला माहीत नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे हे कबूल. मॉडर्न आर्निस नवशिक्याला सर्वांत सुसह्य. पेकिती-तिर्सिया नेग्रोसच्या तोर्ताल घराण्याची, तिथे पात्याचा विचार आधी आणि पावलं आक्रमक.

वर्ग बघायला जाल तेव्हा शिक्षकांकडे नाही, विद्यार्थी एकमेकांना वार कसे देतात तिकडे बघा.

13. इथे पट्टे असतात का? 'लाकान' म्हणजे काय?

जुन्या शाळांत पट्टे नव्हते. मॉडर्न आर्निससारख्या संघटित शाळांनी कराटे-ज्यूदोच्या धर्तीवर आणले. काळ्या पट्ट्याच्या पुरुषाला लाकान, स्त्रीला दायांग. पट्टा एका संघटनेचा दुसरीत चालेलच असं नाही.

14. समोरच्याच्या हातातली काठी काढून घेणं खरंच जमतं, की नुसता व्हिडिओसाठी खेळ?

यंत्रणा खरी आहे. पकडीत अंगठा हा कच्चा दुवा. काठी अंगठ्याच्या दिशेने पिळली की मूठ उघडते. थांबलेल्या हातावर कुणालाही जमतं. हात थांबलेला नसतो, ही अडचण. स्पारिंगमध्ये काठ्या सुटतात त्या बहुतेक बोटांवर फटका बसल्यामुळे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हातावर किंवा डोक्याकडे मारा, त्याचं लक्ष आणि पकड ढिली पडू दे, काठी आपसूक हाताशी आली तरच काढा. शोधत जाऊ नका.

आणि अपवाद लक्षात असू द्या: ज्या पद्धतीत तुम्ही त्याची काठी पंजात पकडता, ती कोयत्यावर करता येत नाही. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, इथे पातं असतं तर माझी बोटं कुठे असती?

15. ताई, सुरीवाल्यापासून वाचायला मोकळ्या हाताने काय करायचं ते शिकवाल का?

शिकवते, पण आधी एक प्रयोग करायला लावते. जुना पांढरा बनियन घाला. जोडीदाराला रबरी सुरी द्या, तिच्या कडेला लिपस्टिक फासा आणि सांगा, अर्धा मिनिट मनापासून मार. शिकवल्यासारखा एक वार करून हात पुढे धरून उभा राहू नकोस. शिवणयंत्रासारखा आत-बाहेर चालव, दुसऱ्या हाताने धर, ढकल. नंतर बनियन बघा. चांगल्या सराव असलेल्यांच्याही हातांवर आणि पोटावर लाल रेघा असतात.

त्यामुळे पाकीट-मोबाइल मागितला तर द्या. पळता येत असेल तर पळा. मधे खुर्ची, सॅक, गाडी, काहीही आणा. यातलं काहीच उरलं नाही तर मग तंत्र: त्याचा सुरीचा हात दोन्ही हातांनी अंगाला जखडायचा आणि सोडायचा नाही. मनगटाला नाजूक हिसका देऊन सुरी उडवणारे व्हिडिओ पुन्हा प्र. 8 वरच येतात. तिथे वार देणाऱ्याने वार दिलेलाच नसतो.

16. मी कोल्हापूरला मर्दानी खेळ शिकलोय. त्याचा इथे फायदा होईल की सवयी आड येतील?

दोन्ही. पवित्रा, पायांतली चपळाई आणि अंगावर काठी येताना न मिटणारे डोळे, हा मोठा फायदा. फरी-गदका केला असेल तर एस्पादा ई दागा, म्हणजे एका हातात लांब शस्त्र आणि दुसऱ्यात सुरी, हा प्रकार तुम्हाला लवकर येईल, कारण दोन हातांना दोन वेगळी कामं देण्याची सवय आहे.

आड येतो तो दांडपट्टा. पट्ट्याच्या खोबळ्यात मनगट बंद असतं, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेच्या फिरकीतून निघतो. आर्निसमध्ये आबानिकोसारखे वार नुसत्या मनगटाने, पंखा हलवल्यासारखे, कानाच्या या बाजूला आणि त्या बाजूला बसतात. पट्टेकऱ्यांचे वार जोरदार असतात, पण परतायला वेळ घेतात. त्या वेळात समोरचा दोनदा मारून जातो. लाठीची मोठी वर्तुळं गर्दीत वाट काढायला आहेत, एकास एक जवळच्या अंतरात ती लहान करावी लागतात. दोन्ही कलांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही, तेव्हा एक दुसरीतून निघाली असं सिद्ध करत बसू नका. सराव करा.

17. यात स्पर्धा असतात का? ऑलिम्पिकमध्ये आहे का?

ऑलिम्पिकमध्ये नाही. आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत 2005, 2019 आणि 2023 मध्ये पदकांसाठी खेळवलं गेलं. 2019 मध्ये फिलिपिन्समध्येच 20 सुवर्णांपैकी 14 यजमानांनी घेतली. त्यात फोमच्या काठीच्या लढती, वेताच्या काठीच्या लढती आणि आन्यो, म्हणजे एकट्याने करायचे ठरीव क्रम, असे विभाग असतात.

चिलखत इतकं जाड असतं की लोक अडवायचं सोडून देतात आणि ढोल बडवल्यासारखे मारत सुटतात. तरी एकदा तरी उतरा. अनोळखी माणूस तुमच्या सोयीचा वार देत नाही, हे तिथे पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

18. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. बोटं, डोळे, कोपर: दुखापत किती होते?

फोमची काठी आणि पॉलिकार्बोनेटचा गॉगल यांनी सुरुवात करा. गॉगल मोठ्यांनीही घालायचा, अगदी हळू सरावातही. तुटलेला वेताचा तंतू उडाला तर तो वेग बघून उडत नाही. वेताची काठी मुलांच्या हाती द्यायची ती सांगितल्या जागी वार थांबवता यायला लागल्यावर. वयाचा आकडा मी धरत नाही, कारण चाळिशीतल्या काहींना ते जमत नाही.

बोटांच्या सांध्यांवर फटके बसतात, सुजतात, बर्फाने उतरतात. बोट वाकडं दिसलं किंवा दुसऱ्या दिवशीही मूठ वळत नसेल तर एक्स-रे काढा. कोपराच्या बाहेरची कळ, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, ती जास्त चिवट. ती दिसली की काठी हलकी करा, हवेतले झटके बंद करा, पकड तपासा (प्र. 6), आणि दुखणं चालू असताना टायर बडवू नका.

19. सकाळी बागेत काठ्या घेऊन गेलो तर पोलिसांनी हटकलं. हे बेकायदा आहे का?

वेताच्या काठीला परवाना लागत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37(1) खाली सण, निवडणूक, मोर्चे अशा वेळी आदेश निघतात, आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी लाठ्या-काठ्या बाळगायलाही मनाई असते. पेपरात 'मनाई आदेश लागू' अशी छोटी बातमी येते ती हीच. अशा दिवसांत घरी सराव करा. एरवी काठ्या पिशवीत न्या, आणि बागेच्या रखवालदाराशी ओळख ठेवा.

तलवारी, खंजीर आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, पण 'सरावासाठी' घेतलेला खरा बोलो पोलिसांना शेतीचं अवजार वाटेल या भरवशावर राहू नका. ॲल्युमिनियमची बोथट सुरी पुरते. विमानात काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या सामानात टाका.

20. कुणी अंगावर आलं आणि मी काठीने हात मोडला, तर केस माझ्यावर होईल का?

मी वकील नाही, पण ढोबळ चौकट अशी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची कलमं 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काची. हक्क आहे, पण कलम 37 प्रमाणे बचावापुरती जेवढी लागेल तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क उरत नाही. समोरचा पळायला लागल्यावर मारलेला एक जादा फटका तुम्हाला बचावकर्त्याचा हल्लेखोर करतो. वर्गात याचा सराव होत नाही, उलट नऊ-दहा फटक्यांची मालिका पूर्ण करायची सवय लागते. म्हणून मधेच 'थांब' म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचा सराव घाला.

21. मी डावखुरी आहे. सगळं उलटं करू की उजव्या हाताने शिकू?

डाव्याच हाताने शिका. सिनावालीत काहीच फरक पडत नाही. गोंधळ होतो तो कोनांच्या आकड्यांत. पहिला कोन जर समोरच्याच्या डाव्या कानशिलावर असेल, तर उजव्या हाताला तो सुलट वार आहे आणि तुम्हाला उलट्या हाताचा. काही शिक्षक डावखुऱ्यांना आरशासारखे आकडे देतात, काही लक्ष्याप्रमाणे ठेवतात. मला लक्ष्याप्रमाणे ठेवलेले बरे वाटतात, कारण मग जोडीदाराला 'एक' म्हटलं की एकच जागा सांभाळायची असते. शिक्षकांशी हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

स्पारिंगमध्ये मात्र हिशेब बदलतो. उजव्याविरुद्ध उजवा असला की तुमचा मोकळा हात त्याच्या शस्त्राच्या हातासमोर असतो. डाव्याविरुद्ध उजवा असला की दोघांचे शस्त्राचेच हात समोरासमोर येतात: हातावर मारणं दोघांनाही सोपं, मोकळ्या हाताने अडकवणं दोघांनाही लांबचं. तुम्हाला हे रोजचं आहे, समोरच्याला नवीन. त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपलं पाऊल टाका आणि आधी बोटांवर मारा. काठ्या काढून घेण्याच्या ज्या रीती वर्गात शिकाल त्या बहुतेक उजव्याविरुद्ध उजव्यासाठी बांधलेल्या असतात; त्यातली प्रत्येक उजव्या जोडीदारावर हळू करून बघा, अंगठा कुठल्या बाजूला येतो ते पाहा, आणि जिथे तो उलटा पडतो ती वहीत वेगळी लिहून ठेवा.